गव्याने मारलेला सदू

नाताळच्या सुट्टीतला रविवार होता. महिपतने तांबडं फुटायच्या आधी उठून मोती बैलाला विहिरीवर नेलं, काथ्याने घासून घासून न्हाऊ घातलं, शिंगांना तेल चोपडलं, आणि भेटेल त्याला सांगत सुटला की आज माझी नात येणार हाय, तिला छकड्यात बसवून मी स्वतः फिरवणार हाय. ऐकणाऱ्यांचे कान किटले. पण त्याला तरी दुसरं काय बोलायचं होतं? पोटचा मुलगा पाच वर्षं फिरकला नव्हता. नातीला शेवटचं पाहिलं तेव्हा ती दोन वर्षांची होती, त्यानंतर पाहिली ती मोबाइलच्या काचेत. म्हाताऱ्याचा आनंद जरा उतू गेला तर जाऊ द्यावा.

भेट ठरली ती मात्र कामाच्या जागी. मंगेश वाडीत पाऊल टाकायला तयार नव्हता आणि कारण विचारलं की मिठाची गुळणी धरायचा. त्याची बायको मानसी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. सासरे कुठल्याशा 'शिवारशाळे'त कामाला आहेत हे तिला ठाऊक होतं. तिने मोबाइलवर ती शोधून काढली आणि नवऱ्याला सुनावलं, तुम्हा बापलेकांचं काय ते तुमच्यापाशी ठेवा, माझ्या मुलीला आजोबा हवेत. घरी नको तर शेतावर भेटू, तिकीट काढून भेटू. मंगेशने दोन महिने टाळलं आणि शेवटी हो म्हटलं. नालासोपाऱ्याहून निघून तिघं सकाळी महाडला उतरली आणि रिक्षा करून वरंधच्या रस्त्याला लागली.

शिवारशाळा त्याच रस्त्याला, नदीच्या अंगाला होती. मालकीण अनुपमाताई. मोठ्या जमीनदार घरातली सून, शेतीचं शिक्षण घेतलेली, बोलायला गोड, आणि एकदा मनात आलं की ब्रह्मदेवाचंही न ऐकणारी. शहरातल्या कुटुंबांना शेती दाखवायची हा त्यांचा उद्योग. भर हिवाळ्यात विहिरीचं पाणी सोडून भाताचं एक खाचर चिखलाने भरलेलं ठेवायचं. त्यात पोरांनी लोळायचं, आयांनी फोटो काढायचे, जात्यावर मूठभर नाचणी दळायची, गाईची धार काढून बघायची आणि शेवटी चुलीवरची भाकरी खाऊन घरी जायचं. वाडीतली पोरं ज्या चिखलाला कंटाळून मुंबईला पळाली, त्याच चिखलात मुंबईची पोरं पैसे भरून उड्या मारत. महिपतला याचं हसू यायचं. पण त्याची चूल याच चिखलावर पेटत होती, म्हणून तो गालातल्या गालात हसायचा.

मोती तिथला सगळ्यांचा लाडका. पोरं त्याच्या गळ्याला लोंबकळायची, शेपटीशी खेळायची, तोंडात बिस्किटं कोंबायची, आणि हा डोळे मिटून रवंथ करत उभा. त्याला एका बैलाचा छकडा जोडलेला असायचा. त्यात तीन-तीन पोरं बसवून महिपत त्याला खाचराच्या कडेने फिरवायचा. बैल कसा असावा तर मोतीसारखा, असं अनुपमाताई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या.

खरं काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ज्याने सांगायला हवं होतं त्याने पाच वर्षं तोंड उघडलं नाही. मोतीचं नाव मोती नव्हतंच. तो वजीर. त्या सगळ्या खोऱ्यात चोरून होणाऱ्या बैलांच्या झुंजीत सात वेळा उतरलेला आणि सातही वेळा जिंकलेला. झुंजींना बंदी आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि कुठल्या पहाटे कुठल्या मळ्यात झुंज आहे हेही त्यालाच आधी कळतं. वजीर टेम्पोतून उतरायचा, कपाळावर गुलाल लागायचा, खालुबाजाच्या ढोलावर पहिली टिपरी पडायची, आणि त्या आवाजासरशी त्याच्या अंगात जे शिरायचं ते समोरचा बैल पळाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. जिंकला की महिपत मांडीवर थाप मारून त्याला नावाने हाक घालायचा, आणि तेवढ्या एका हाकेला तो माघारी वळायचा. त्या हाकेचा महिपतला केवढा गर्व होता! बायको मेली तेव्हा रडला नसेल एवढा हा माणूस बैलाला खरचटलं की रडायचा.

सातव्या झुंजीत हरलेला बैल गर्दीत घुसला. वजीर त्याच्या मागे. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली, आणि पंचवीस वर्षांचा एक पोरगा, सदू त्याचं नाव, बांधाच्या दगडी गडग्यापाशी अडकला. वजीरने त्याला त्या दगडांवर दाबून धरलं, शिंग पोटात घालून वर उचललं आणि पुन्हा दाबलं. महिपतने हाक मारली, बैल वळला, पण सदूच्या आतलं सगळं तोवर बाहेर आलं होतं. तो मळ्यातच गेला. पाणी पाजायलाही कुणी वेळेत पोचलं नाही.

मग पुरुषांनी जे केलं ते बैलाने केलं त्याहून वाईट होतं. पोलीस येतील, सगळ्यांवर केस होईल, म्हणून कुणीतरी म्हणालं की गव्याने मारला म्हणू. वरच्या रानात गवे उतरत होतेच. चौघांनी सदूला उचलून रानाच्या कडेला नेऊन टाकलं. रानात कशाला गेला होता याला उत्तर हवं, म्हणून महिपतने डुकराला लावतात ती तारेची फासकी आणून मेलेल्या पोराच्या मुठीत दिली आणि बोटं एकेक करून मिटवली. चौघांत मंगेशही होता. मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आलेला, सदूच्याच वयाचा. त्याने पाय धरले होते. सदूची आई रंगूबाई विधवा, हा एकुलता एक. तिने फक्त एकदा विचारलं की आज वजीरची झुंज होती ना? अख्खी वाडी म्हणाली, कसली झुंज नि कसलं काय, बंदी हाय ना. मंगेश त्याच संध्याकाळी मुंबईला निघून गेला तो पुन्हा आलाच नाही.

महिपतने वजीर खाटकाला विकला असं सगळ्यांना सांगितलं, मुलालाही फोन करून तेच सांगितलं, आणि बैल गुपचूप बहिणीच्या गोठ्यात नेऊन बांधला. तिथे त्याला बडवून घेतलं, म्हणजे खच्ची केलं. शिंगांची टोकं करवतीने कापली. सहा महिन्यांत वजीर असा थंड झाला की महिपतची खात्री पटली: नरपण गेलं, झुंज गेली. झुंजीची माणसं सगळी हेच मानतात, त्यांच्या बापजाद्यांनी त्यांना हेच सांगितलेलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण ते दुसऱ्यांच्या भांडणात रोज वापरतात, आपल्या गोठ्यात मात्र नाही.

मोती नाव ठेवून तो बैलासकट शिवारशाळेत आला. तिथं वर्षभर बरं गेलं आणि मग अनुपमाताईंनी भाकऱ्या करायला एक बाई आणली. ती रंगूबाई. महिपतने तिला पाहिलं त्या दिवशी त्याच्या हातातली घमेली खाली पडली. तेव्हाच निघून जायला हवं होतं. गेला नाही. बैलाला कुठे नेणार, आणि स्वतः कुठे जाणार? त्याऐवजी तो तिचं पाणी भरू लागला, तिची लाकडं फोडू लागला. वजीर तिने कधी जवळून पाहिला नव्हता, आणि तो खाटकाकडे गेला हे तिनेही ऐकलं होतं. तिला वाटलं देवाने भाऊ दिला. ती त्याला महिपतदादा म्हणायची, त्याच्यासाठी गरम भाकरी झाकून ठेवायची, आणि पहिली भाकरी रोज स्वतःच्या हाताने मोतीला भरवायची. तीन-साडेतीन वर्षं महिपत हे डोळ्यांनी बघत होता. बघणाऱ्याला लाज वाटेल, पण सवयीने माणूस कशालाही निर्ढावतो.

दहाच्या सुमाराला रिक्षा फाटकाशी थांबली. श्रुतिका धावत आली आणि आजोबांच्या पायांना मिठी मारून उभी राहिली. महिपतला हुंदका आवरेना. मंगेश चार हात लांब उभा राहून बापाकडे न बघता आजूबाजूला बघत राहिला. मानसीने वाकून नमस्कार केला, त्यालाही करायला लावला. पनवेल, पुण्याहून आलेली आणखी आठ-दहा कुटुंबं होती. अनुपमाताईंनी सगळ्यांना नाश्त्याला बसवलं, आणि आग्रह करकरून वाढणाऱ्या बाईची ओळख करून दिली, की या आमच्या रंगूबाई, यांच्या हातची भाकरी खाल्लीत तर शहर विसराल, बिचारीचा तरणा मुलगा गव्याने मारला. मंगेशच्या हातातला घास खाली आला. रंगूबाईने त्याच्या ताटात लोण्याचा गोळा टाकला आणि खा रे बाबा, दमून आलास, असं म्हणाली. तो उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला.

महिपत हे लांबून बघत होता. पण अजून मुलाने बैल पाहिला नव्हता, आणि पाहिला तरी ओळखणार कसा? शिंगं कापलेली, अंग सुटलेलं. दुसरी काळजी मोठी होती. सकाळीच अनुपमाताईंनी सांगितलं होतं की आज जेवणाआधी पाहुण्यांना चकित करायचं, खालुबाजा बोलावलाय, अस्सल कोकणी थाट. महिपत म्हणाला होता, ताई, ढोलाला बैल बुजतो, नको. त्या हसल्या. मोती आणि बुजणार? तो उभ्या उभ्या झोपतो! महिपत बैलाकडे वळला. खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्याने मनाशी ठरवलं, नातीला घेऊन दोन फेऱ्या मारायच्या आणि बाजा यायच्या आत बैल मागच्या गोठ्यात नेऊन दार लावून घ्यायचं.

श्रुतिका छकड्यात बसली. एकटीच, कारण तिला आजोबांची गाडी कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती. अनुपमाताई फोटोसाठी पुढे आल्या, हातात गुलालाचं ताट. महिपत नको नको म्हणेपर्यंत त्यांनी मोतीच्या कपाळावर मूठभर गुलाल चोळलाही. बैलाने मान झटकली आणि कान ताठ केले. महिपतने ते पाहिलं. त्याच क्षणी मंगेश समोर येऊन उभा राहिला. गुलालाखाली, कपाळाच्या मधोमध, उलट्या केसांचा भोवरा होता. वजीर वासरू होता तेव्हा मंगेशने त्या भोवऱ्यावर शंभर वेळा बोट फिरवलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

"बाबा, जरा मागं या," एवढंच तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून महिपतने कासरा जवळ उभ्या असलेल्या रंगूबाईच्या हातात दिला. जरा फिरव गो, आलोच मी, असं सांगून तो मुलामागे गेला. अशी चूक माणूस आयुष्यात एकदाच करतो.

पेंढ्याच्या उडवीमागे जाताच मंगेशने बापाची गळपट्टी धरली. वजीर हाय ना तो, असं त्याने विचारलं. महिपत म्हणाला, मोती हाय रे, तुला भास होतोय. पहिली चपराक तिथे बसली. महिपतनेही सवयीने हात उगारला. या पोराला त्याने लहानपणी चाबकाने, लाकडाने, हाताला लागेल त्याने बडवला होता. बैल हरण्याच्या भीतीचा राग, बैल जिंकल्याचा माज, सगळं त्याच्याच पाठीवर निघायचं. पण आता मनगट मुलाचं जाड होतं. मंगेशने त्याला उडवीवर आपटलं, पुन्हा उचललं, तोंडावर मूठ मारली. म्हाताऱ्याचा ओठ फाटला, एक दात गेला. मंगेश मारत होता आणि रडत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाला अरेतुरे करत होता.

"मी सदूचे पाय धरले व्हते. आजून रात्री हाताला थंड लागतात. आणि तू त्याच्या आयशीच्या हातनं त्या बैलाला घास भरवतोस?"

महिपत रक्त थुंकला. म्हणाला, आता सांगून तिला काय मिळणार, झालं ते झालं, आता तिला भाऊ हाय, त्या बैलावर तिचा जीव हाय, ते पण काढून घ्यायचं का? खरं सांगायचं तर त्याला तिच्यापेक्षा स्वतःची भीती जास्त होती. मंगेश म्हणाला, आत्ता चल, तिच्यासमोर उभा राहून सांग, नाहीतर मी सांगतो. त्याने बापाला दंडाला धरून ओढलं.

आणि तिकडे फाटकातून खालुबाजा आत शिरला. ढोलावर टिपरी पडली, सनई चिरकली, झांजा घुमल्या.

महिपतने मुलाचा हात झटकला आणि पळत सुटला. उडवीच्या कडेला येतो तोवर त्याला ओळखीचा श्वास ऐकू आला, भात्यासारखा. मोती पुढचा पाय आपटत होता. मान खाली, डोळे पांढरे. रंगूबाई दोन्ही हातांनी कासरा धरून त्याला चुचकारत होती, मोती, बाळा, काय झालं रे. पाहुण्यांना वाटलं बैल नाचतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल वर केले. ढोलवाल्यांना चेव आला.

बैलाने एका हिसक्यात छकडा आडवा केला. श्रुतिका खाचरात फेकली गेली, चिखलात तोंडावर. एक दांडी मोडली आणि तिचं टोकदार लाकूड बैलाच्याच बरगडीत घुसलं. तो ओरडला. एवढ्या वर्षांत तो ओरडलेला महिपतनेही ऐकला नव्हता. मोडका छकडा ओढत तो गोल फिरला, एका माणसाला चाकाखाली घेतलं, त्याच्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज ढोलातूनही ऐकू आला. मग लोक किंचाळत पळाले. जुवाची दोरी तुटली. मोकळा झालेला बैल चिखलात उतरला. तिथे श्रुतिका उठायला बघत होती आणि तिचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले होते.

रंगूबाई कासरा सोडून पळाली नव्हती. कासऱ्याने तिच्या तळहाताची सालटी निघाली, ती फरफटत खाचरात आली, आणि पोरीच्या अंगावर पालथी पडली. बैलाने तिला पहिली धडक दिली ती खांद्यावर. हाड मोडलं. तिने पोरीला आणखी खाली दाबलं. बोथट शिंग तिच्या पाठीवर घासत गेलं, लुगडं फाटलं, कातडी फाटली. बैल दोन पावलं मागे सरला. झुंजीतला बैल मागे सरतो तो दमून नाही, हे महिपतइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"मोती!" त्याने हाक मारली. "मोती, हो! मोती!" बैलाचा कानही हलला नाही.

मंगेश बांधावरून धावत होता, पण तो पोचला नसता. मानसी कुठेतरी किंचाळत होती. एक हाक होती. ती मारली की पोरगी वाचेल, आणि ती मारली की पाच वर्षांचं सगळं उघडं पडेल, त्या बाईच्या समोर, जी त्याच्या नातीवर पालथी पडून त्याच बैलाचा मार खात होती. सांगायला लाज वाटते, पण महिपत थांबला. एक श्वासभर थांबला. तेवढ्यात बैलाने मान खाली घातली.

महिपतने मांडीवर थाप मारली. "वजीऽऽर! वजीर, माघारीऽ!"

बैल वळला. हाक ओळखून वळला, पण त्याच्या बरगडीत लाकूड होतं आणि ढोल वाजवणारा भीतीने बधिर होऊन अजून वाजवतच होता. तो सरळ महिपतवर आला. महिपत हलला नाही. कापलेलं शिंग त्याच्या बरगड्यांखाली घुसलं, त्याला बांधाच्या चढावर दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. सदूला झालं तसंच. महिपतच्या तोंडातून रक्ताची गुळणी बैलाच्या गुलाल लावलेल्या कपाळावर पडली.

मंगेश पोचला. बापाच्या कमरेला मागे लाकडी आकडीत कोयता असायचा, तो त्याने उपसला आणि बैलाच्या मागच्या पायाची शीर तोडली. बैल बसला. मग मानेवर घाव घातला, मग दुसरा. बैल पाचव्या घावाला मेला असेल. मंगेश पंधरा-वीस घाव घालत राहिला, मान अर्धी सुटली तरी घालत राहिला. शेवटी मानसीने मागून त्याच्या कमरेला मिठी मारली, तेव्हा थांबला. ढोल थांबला होता. खाचरातलं पाणी लाल झालं होतं.

श्रुतिका जिवंत होती. चिखलाने माखलेली, नुसती थरथरत होती, अंगावर ओरखडा नाही. रंगूबाईने एका हाताने तिला उठवून मानसीच्या ताब्यात दिलं. दुसरा हात तिच्या बाजूला नुसता लोंबत होता. मग ती चिखल तुडवत महिपतपर्यंत गेली.

अनुपमाताईंनी जीप आणली होती. दोघा-तिघांनी महिपतला चादरीवर घेतलं. महाडला न्यायला हवं, वेळ नाही, असं सगळे ओरडत होते. रंगूबाईने महिपतचं मनगट पकडलं.

"वजीर?" तिने विचारलं.

महिपतने डोळे मिटून घेतले. तिने मनगट सोडलं नाही. अनुपमाताई म्हणाल्या, रंगूबाई, सोडा त्यांना, माणूस मरेल. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"त्या दिशी माझा सदू मला सांगून गेला, आये, वजीरची झुंज बघून येतो. तुमी सगळी बोललात झुंज नव्हतीच, पोर खोटं बोलून डुकराला फासकी लावायला गेला. पाच वर्सं म्हाळाला त्याचं पान वाढते नि पानावर बसून त्याला शिव्या देते. जाता जाता आयशीशी खोटं का बोललास रे मेल्या, म्हनून." तिच्या पाठीतून रक्त लुगड्यात उतरत होतं. "आता तू सांग. मोठ्यानं सांग."

"रंगूबाय," महिपत म्हणाला. त्याच्या बोलण्यात बुडबुडे होते. "झुंज व्हती. माझ्या बैलानं मारला. फासकी मी दिली त्याच्या हातात."

"मागच्यांना ऐकू नाय गेलं."

महिपतचे ओठ हलले, आवाज आला नाही. मंगेशने हातातला कोयता टाकला. तो शर्टभर रक्ताने भिजलेला, पाहुण्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने ते सगळं मोठ्याने सांगितलं. मळा कुठला, पहाट कुठली, उचलणारे चौघं कोण. पाय मी धरले होते, हेही सांगितलं. बोलताना त्याने कुठेच आवाज खाली आणला नाही.

रंगूबाईने मनगट सोडलं. न्या आता त्याला, असं ती म्हणाली. जीप फाटकातून गेली तेव्हा ती तिकडे वळलीसुद्धा नाही. कुणीतरी तिला धरून खाली बसवायला लागलं, पाणी पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं. पनवेलच्या एका बाईपाशी गेली, मग पुण्याच्या एका म्हाताऱ्यापाशी, मग हातात अजून मोबाइल धरून उभ्या असलेल्या एका पोरापाशी. मोडलेला हात दुसऱ्या हाताने धरून ती प्रत्येकाला तेच सांगत होती, की माझा सदू सांगून गेला व्हता मला, खोटं नव्हता बोलला.